चित्रकाराच्या कामाची चित्रफीत

पूर्ण झालेल्या चित्रात दिसतो तो शेवटचा थर. त्याच्याखाली आधी काय रंगवले होते, त्यातले काय खरवडून काढले, कोणता रंग लावून लगेच पुसला, चित्रकार कुठे दोन दिवस अडला आणि कुठे एका फटकाऱ्यात सुटला, हे कॅनव्हासकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही. चित्रकाराच्या कामाचे चित्रीकरण करायचे ते मुख्यतः या झाकल्या गेलेल्या गोष्टींसाठी. स्टुडिओतले काम, चित्रकाराचे बोलणे आणि भिंतीवर लागलेले प्रदर्शन असे तिन्ही कॅमेऱ्याने टिपले, तर चित्र विकले गेले, देशाबाहेर गेले किंवा नष्ट झाले तरी ते कसे घडले हे मागे राहते.

महाराष्ट्रात या कामाची मुळे सिनेमाच्या जन्माइतकीच जुनी आहेत. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेऊन टिपली आणि ती चित्रफीत दाखवून भांडवल उभे केले. आज ज्याला टाइम लॅप्स म्हणतात आणि चित्रकारांच्या व्हिडिओंमध्ये जे सर्रास दिसते, ते हेच तंत्र. पुढे १९१७ मध्ये फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी फीत काढली. तिच्या उरलेल्या तुकड्यांत ते स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्म तपासताना दिसतात. कलावंताने आपल्याच कार्यशाळेची केलेली ही नोंद आहे. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी तर रंगांचे काम करता करता स्वतः कॅमेरा बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. कुंचला आणि कॅमेरा यांचे नाते या मातीत असे पहिल्यापासून आहे.

त्या काळातल्या चित्रकारांच्या कामाची माहिती मात्र जवळजवळ सगळी लेखीच मिळते. रावबहादूर धुरंधरांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ लिहिले म्हणून जे. जे. मधले दिवस कळतात. प्रभाकर बरवे आयुष्यभर डायऱ्या लिहीत राहिले, त्यांत रेखाटने करत राहिले, म्हणून १९९५ मध्ये ते गेल्यावरही त्यांच्या विचाराची वाट शोधता आली. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले, त्यात या डायऱ्यांना मोठे स्थान होते. पण लिहिणारे चित्रकार थोडे. बहुतेकांचे ज्ञान हातात असते आणि ते हाताबरोबर जाते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि चित्रकारांना सरकारी खर्चाने कॅमेरा मिळण्याची शक्यता निर्माण झाली. पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी या संस्थेसाठी १९६७ मध्ये ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. राजस्थानातली गावे, किल्ले, जनावरे, छत्री, कंदील, जोडा अशा प्रतिमा एकामागून एक येतात, निवेदन नाही. त्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटाचे सुवर्ण अस्वल मिळाले. हुसेन यांनी चित्र काढण्यापेक्षा चित्रकाराचे पाहणे टिपले, हे या लघुपटाचे वेगळेपण. तैयब मेहता यांनी १९७० मध्ये ‘कूडल’ केला. त्यातली वांद्र्याच्या कत्तलखान्यातली दृश्ये पाहिल्यावर त्यांच्या कॅनव्हासवरचा बांधलेला, कोसळणारा बैल कुठून आला हे सांगावे लागत नाही.

चित्रकार अकबर पदमसी यांची गोष्ट या विषयात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुःखाची. जवाहरलाल नेहरू फेलोशिपच्या पैशातून त्यांनी १९६९ मध्ये मुंबईत नेपियन सी रोडवर व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केले. चित्रकार, छायाचित्रकार आणि सिनेमावाले तिथे एकत्र काम करत. नलिनी मालानी यांचे सुरुवातीचे चित्रपटप्रयोग तिथलेच. पदमसींनी स्वतः रेषांचे ॲनिमेशन असलेला ‘सिझिजी’ केला आणि ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ नावाचा सहा-एक मिनिटांचा रंगीत प्रयोग केला. या दुसऱ्या फिल्मची एकच प्रत होती. ती प्रदर्शनासाठी दिल्लीला गेली आणि हरवली. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर चित्रपट दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींच्या आठवणीतून ती पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला. त्यांची फिल्म २०१६ मध्ये व्हेनिसला दाखवली गेली. मूळ फिल्म आजही नाही. दुसरी प्रत काढून ठेवली असती, तर हा सारा शोध घ्यावाच लागला नसता.

जगात याच्या बरेच आधी दोन फिल्म्सनी चित्रकाराला कसे टिपावे याचे नमुने घालून दिले. हान्स नामुथ यांनी १९५० च्या शरदात अमेरिकेतल्या लाँग आयलंडवर जॅक्सन पोलॉकचे काम टिपले. जमिनीवर अंथरलेल्या कॅनव्हासवर रंग ओघळवणारा पोलॉक वरून दिसतोच, पण नामुथ यांनी त्याला काचेवरही रंगवायला लावले आणि काचेखालून कॅमेरा धरला. फ्रान्समध्ये आन्री-जॉर्ज क्लूझो यांनी ‘पिकासोचे रहस्य’ हा चित्रपट केला. १९५६ मध्ये कान महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. पिकासो कागदावर पाझरणाऱ्या शाईने चित्र काढतो आणि कॅमेरा कागदाच्या मागे, त्यामुळे हात न दिसता रेष आपोआप उमटत जाते. नंतर तैलचित्राची पाळी येते, तेव्हा तो पुन्हा पुन्हा सगळे पुसून नव्याने रंगवतो. एका चित्राखाली किती चित्रे गाडलेली असतात ते या फिल्मइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसले असेल.

नामुथची फिल्म एक धोकाही दाखवते. कॅमेऱ्यासमोर थांबा, पुन्हा करा, इकडे वळा असे आठवडेच्या आठवडे चालले आणि शेवटच्या दिवशी दोन वर्षे दारूला न शिवलेला पोलॉक पुन्हा पिऊ लागला. त्याला फक्त कॅमेरा कारणीभूत होता असे म्हणता येणार नाही. पण कॅमेरा समोर आला की काम बदलते, आणि कॅमेऱ्यासाठी केलेले काम हे नेहमीचे काम नव्हे, हे टिपणाऱ्याने विसरू नये. उलट बाजूचे उदाहरण सत्यजित राय यांचे. त्यांचे गुरू विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५० च्या दशकात पूर्ण गेली. राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ ही वीस मिनिटांची फिल्म केली. तिच्यात न दिसणारा माणूस बोटांनी चाचपत काम करतो आणि कॅमेरा त्याच्या वेगाने चालतो, त्याला घाई करत नाही.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण वासुदेव गायतोंडे यांचे. नागपूरला १९२४ मध्ये जन्म, मूळ गोव्याचे कुटुंब, जे. जे. मध्ये शिक्षण, नंतर दिल्लीत निजामुद्दीनला एकांतातले आयुष्य. कमी बोलणारा, त्याहून कमी रंगवणारा माणूस. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रे. रोलर, पॅलेट नाइफ आणि कागदाचे कातरलेले तुकडे वापरून ते रंग चढवत आणि उचलत. ते हयात असताना, १९९० च्या दशकात, सुनील काळदाते यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. २००१ मध्ये गायतोंडे गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले, त्याच्या शीर्षकातच चित्र ही प्रक्रिया आणि चित्र हेच जगणे असा आशय होता. २०२१ मध्ये त्यांचे १९६१ चे एक चित्र लिलावात ३९.९८ कोटी रुपयांना गेले. इतक्या मोलाच्या कलावंताच्या रोलरची चाल मात्र, माहितीपट असूनही, अभ्यासकांना बरीचशी पूर्ण झालेल्या पृष्ठभागावरून आणि ओळखीच्या लोकांच्या आठवणींतून जुळवावी लागते. ‘चिन्ह’ या नियतकालिकाच्या सतीश नाईक यांनी वर्षानुवर्षे अशा आठवणी गोळा केल्या आणि २०१६ मध्ये ‘गायतोंडे’ हा ग्रंथ काढला. त्या कष्टांना तोड नाही. तरीही एका चित्राचे पहिल्या थरापासून शेवटपर्यंतचे संथ चित्रीकरण हाती असते, तर कितीतरी अंदाज करावे लागले नसते.

असे चित्रीकरण करायला आज मोठी यंत्रणा लागत नाही. साधा मोबाइल, मजबूत ट्रायपॉड आणि सवय एवढे पुरते. कॅमेरा एकदा लावला की हलवू नये. चित्रकाराच्या खांद्यामागून, थोडा वरून, उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या बाजूने धरला तर हात चित्राच्या आड येत नाही. मोबाइलमध्ये फोकस, उजेडाचे प्रमाण आणि व्हाइट बॅलन्स ‘लॉक’ करून ठेवावे लागते. ते आपोआप बदलत राहिले, तर चित्रकाराने मोठा काळा भाग रंगवताच कॅमेरा सारे चित्र उजळ करून टाकतो आणि रंगच खोटे ठरतात. खिडकीचा उजेड निळसर असतो आणि पिवळ्या बल्बचा तांबूस. दोन्ही एकत्र आले की पांढरा रंग कुठे निळा, कुठे पिवळा पडतो, म्हणून एकाच प्रकारचा उजेड ठेवावा. आपल्याकडच्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे. त्यामुळे ट्यूबलाइटखाली सेकंदाला ३० फ्रेमने टिपले की पट्टे फिरताना दिसतात. २५ फ्रेम आणि पन्नासांश किंवा शतांश सेकंदाचा शटर ठेवला की ते जातात. सुरुवातीला चित्राशेजारी करडे कार्ड किंवा रंगपट्टी धरून काही सेकंद टिपून ठेवली, तर पुढे कधीही रंग ताडून पाहता येतात.

टाइम लॅप्सचे गणित सोपे आहे. दर दहा सेकंदांना एक फ्रेम घेतली, तर सहा तासांत २,१६० फ्रेम होतात आणि २५ च्या वेगाने त्या दीड मिनिटाच्याही आत संपतात. पाहायला हे फार गोड वाटते, रोपासारखे चित्र उगवते. पण एवढ्यावर थांबणे चूक आहे. वेग वाढवला की चित्रकाराचे थांबणेच नाहीसे होते, आणि चित्रकाराचा निम्मा वेळ थांबण्यातच जातो. तो मागे सरकतो, डोळे बारीक करतो, चित्र उलटे धरतो, आरशात पाहतो, मग एक ठिपका लावतो. या ठिपक्याआधीची पाच मिनिटे न कापता ठेवलेली असली, तर विद्यार्थ्याला त्यातून जे मिळते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. म्हणून टाइम लॅप्सबरोबर खऱ्या वेगाचे लांबलचक, कंटाळवाणे वाटणारे तुकडेही टिपावेत. जाड रंग असेल तर बाजूने तिरपा उजेड टाकून पृष्ठभाग वेगळा टिपावा, त्यात सुरीचे वळण आणि ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतात. तैलरंगाची चकाकी कॅमेऱ्यापुढे पोलरायझर लावून कमी होते. पॅलेटवर रंग कसे मिसळले, कोणते तेल, कोणता कागद, कॅनव्हासला अस्तर कशाचे दिले, हेही टिपले पाहिजे. चाळीस वर्षांनी चित्र तडकले तर ते दुरुस्त करणाऱ्याला पहिली गरज याच माहितीची पडते.

चित्रकाराशी बोलण्याचे चित्रीकरण काम चालू असताना करू नये. हात आणि जीभ एकदम चालली की दोन्ही बिघडतात. काम झाल्यावर, त्या दिवसाचे चित्रीकरण चित्रकारालाच दाखवून विचारावे की इथे का पुसले, इथे हा निळा कुठून आला. प्रेरणा कुठून मिळते असल्या प्रश्नाला ठरीव उत्तर येते, आणि विशिष्ट ठिकाणी बोट ठेवून विचारले की खरे उत्तर येते. आवाजासाठी कॉलरला लावायचा छोटा माइक घ्यावा. पत्र्यावर पाऊस पडत असला तर मोबाइलचा माइक माणसाआधी पाऊसच ऐकतो.

प्रदर्शनाचे चित्रीकरण सर्वांत जास्त होते आणि सर्वांत वाईट होते. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचे भाषण, सगळ्यांचा एकत्र फोटो एवढे सारे असते आणि चित्रे पाठीमागे अंधुक. पाहुण्यांचा मान राखावा, पण त्या अर्ध्या तासासाठी दालन भाड्याने घेतलेले नसते. खरे काम चित्रे टांगण्याच्या दिवशी सुरू होते. कोणते चित्र कोणाशेजारी लावायचे यावर चित्रकार तासतास घालवतो. जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रे, बदललेले क्रम, शेवटी ठरलेली ओळ यांतून चित्रकार स्वतःची चित्रे कशी वाचतो ते समजते. मग दालन उघडण्याआधी, रिकाम्या खोलीत, डोळ्यांच्या उंचीवरून प्रत्येक भिंत सरळ समोरून पूर्ण टिपावी, नंतर एकेक चित्र त्याच्या लेबलसह. एखाद्या दृश्यात माणूस उभा असावा, नाहीतर चित्र वीतभर आहे की पुरुषभर उंच ते कळत नाही. काचेतली चित्रे टिपताना कॅमेऱ्यामागे काळे कापड धरले की काचेत खोली दिसत नाही.

मुंबईत काळा घोड्याजवळची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाली, आणि गावोगावच्या चित्रकारांच्या मनात तिथले प्रदर्शन हे आजही मोठे स्वप्न असते. तिथे साधारण आठवडाभराची तारीख मिळते. अकोले तालुक्यातल्या राजूरहून पाहिले तर या आठवड्याचा अर्थ लगेच समजतो. राजूर जिल्ह्याच्या अगदी पश्चिमेला, भंडारदऱ्याच्या वाटेवर. जिल्ह्याचे ठिकाण अहिल्यानगर दूर पूर्वेला, मुंबईला जायचे तर कसाऱ्याचा घाट उतरावा लागतो. इथल्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकाला किंवा आश्रमशाळेतल्या मुलाला काळा घोड्याचे प्रदर्शन त्या आठवड्यात पाहता येईल ही शक्यता कमी. सावकाश, नीट टिपलेली वीस मिनिटांची चित्रफीत शाळेच्या पडद्यावर दाखवता येते. तेवढ्यासाठी तरी ती नीट टिपावी.

आणि राजूरचा परिसर स्वतःच चित्रकाराचा मुलूख आहे. कळसूबाई, रतनगड, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, प्रवरेचा रंधा धबधबा, राजूरला भरणाऱ्या प्रदर्शनात रांगेने बांधलेली काळ्या-पांढऱ्या अंगाची डांगी जनावरे. पावसाळ्यात इथे उघड्यावर जलरंगात काम करणे ही वेगळीच परीक्षा असते. हवेत ओल इतकी की कागद वाळतच नाही, आधीचा रंग ओला असताना पुढचा लावावा लागतो आणि कडा पसरतात. म्हणून चित्रीकरणात दिवस, वेळ आणि हवा यांची नोंद लागते. त्याच डोंगराचे मे महिन्यातले आणि जुलैमधले चित्र वेगळे का झाले याचे निम्मे उत्तर त्या नोंदीत असते. हीच ओल कॅमेऱ्यालाही बाधते. लेन्सवर बुरशी धरते, म्हणून उपकरणे सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी लागतात.

जिथे स्टुडिओ नाही, चौकट नाही आणि एक चित्रकारही नाही, तिथे चित्रीकरणाची गरज आणखी वाढते. सह्याद्रीच्या पश्चिमेला डहाणू-जव्हारकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक भिंतीवर सवासिणी लिहितात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, त्या वेळी लग्नाची गाणी म्हणते. भिंत पुन्हा सारवली की चौक गेला. चित्रकार भास्कर कुलकर्णी १९७० च्या दशकात तिकडे गेले, कागद आला, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे जगभर गेली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ही चित्रे कागदावर वाचली, पण गाणे कागदावर येत नाही. चौकाचे चित्रीकरण आवाजासह आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत केले, तरच त्याला नोंद म्हणता येईल. अर्थात ते लग्नघर आहे. घरच्यांनी आणि धवलेरीने होकार दिल्याशिवाय कॅमेरा काढू नये, आणि टिपलेल्याची एक प्रत त्यांच्या घरी पोचली पाहिजे.

टिपलेले जपणे हे टिपण्यापेक्षा कठीण. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे नायट्रेट फिल्मचे डबे जानेवारी २००३ च्या आगीत जळाले. १९९० च्या दशकातली कितीतरी प्रदर्शने व्हीएचएस कॅसेटवर आहेत. त्या टेपा झिजत आहेत आणि वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आहेत, त्यांची डिजिटल प्रत आताच काढून घ्यायला हवी. सेकंदाला १०० मेगाबिटच्या दर्जाने टिपलेल्या एका तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. सगळे ठेवणे परवडत नसेल तर निवड करावी, पण निवडलेल्याच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो, त्याला मूळ प्रत समजू नये. फाइलला तारीख, चित्राचे नाव, माप आणि माध्यम यांवरून नाव द्यावे. तेच तपशील कागदावरही लिहावेत.

हक्कांचा प्रश्न शेवटी येतो आणि भांडणेही बहुधा इथेच होतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकले म्हणून त्याचा कॉपीराइट विकला जात नाही, तो लेखी द्यावा लागतो. मोबदला देऊन कोणी सांगून काढून घेतलेल्या चित्राची गोष्ट वेगळी. तिथे उलटा करार नसेल तर पहिला हक्क सांगणाऱ्याचा. फिल्मलाही हाच नियम लागतो. चित्रकाराने पैसे देऊन चित्रीकरण करवून घेतले तर फिल्मचा हक्क त्याचा, कोणी आपल्या खर्चाने केले तर करणाऱ्याचा. चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे, फिल्मचा प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. व्हिडिओला मागे एखादे चित्रपटगीत लावले तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. चित्रीकरण सुरू होण्याआधी साध्या कागदावर लिहून सह्या कराव्यात, की कोणते दृश्य कुठे दाखवायचे, अर्धवट चित्र दाखवायचे की नाही, आणि चित्रकार गेल्यानंतर मूळ फाइली कोणाच्या ताब्यात राहतील.